हत्तीच्या ओवीपाशी हळदीचं बोट

आमच्या हिनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हळकुंडं मोडणं. मोडत ती होती. मी शेजारी बसून पोथी वाचत होतो. लढाईची वर्षं. थोरला पलटणीत गेलेला. तो धडधाकट परत येईस्तोवर रोज दुपारी पोथी वाचीन, असं तिनं माझ्या वतीनं देवाला कबूल केलं होतं. (मला विचारलं नव्हतं.) तिला अक्षर येत नव्हतं, मी चौथीपर्यंत शिकलेला, आणि पोथी जुन्या मराठीतली. ती मराठीच आहे असं लोक सांगतात. माझी तिच्याशी ओळख नाही. ही विचारायची, "म्हंजी काय वं?" मी सांगायचो, "पुढं कळंल." त्या दुपारीही तिनं विचारलं, मीही तेच सांगितलं.

चौथ्या दिवशी तापानं ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर पोथी उघडली, तर दर दोन-तीन पानांनी एका ओवीच्या कडेला हळदीचं बोट! आमच्या घरात भाकरीसुद्धा पिवळी, म्हणून आजवर लक्ष गेलं नव्हतं. पण हे डाग नव्हेत, नेमके टेकवलेले. तिला मला काहीतरी सांगायचं होतं, आणि मी गाढव "पुढं कळंल" म्हणत बसलो.

खुणेच्या ओव्या घोटून घोटून वाचल्या. एकीत हत्ती, एकीत दिवा, एकीत कापसाचं बी. हत्तीचा आणि आमच्या संसाराचा काही केल्या संबंध लागेना. शेवटी पोथी फडक्यात बांधली आणि कराडहून सर्व्हिस मोटारीनं सांगली गाठली. तिथल्या एका शास्त्रीबुवांनी डोळे मिटून ऐकलं. हत्ती म्हणजे अहंकार, दिवा म्हणजे ज्ञान, बी म्हणजे वासना, म्हणाले. मी सगळं सोडावं, ही बाईंची इच्छा.

सोडलं. आधी चहा, मग तंबाखू, मग मीठ. मग दुभती म्हैसही सोडली, म्हणजे गावातल्या मठाला देऊन आलो. तेव्हा मात्र सुनेचा भाकरी थापणारा हात थांबला.

"मामंजी, आत्याबाईंनी ती म्हस पारडी असल्यापासनं वाढिवली. त्या सोडा म्हणत्याल व्हय?"

मी तिला हत्तीचा अर्थ सांगू लागलो. शेजारची आनसाक्का तिथंच होती. हिच्यासोबत रोज हळकुंडं मोडायला बसायची ती. ऐकता ऐकता तिला हसून ठसका लागला.

"आवं दाजी, कसला हत्ती? वाचता वाचता तुमचा डोळा लागायचा. घोराय लागला की अक्का तुमच्या बोटाखालची वळ बघून खूण करायची. जागं झाला की तितनंच पोथी हातात द्यायची."

"मग उठवायचं न्हाई मला?"

"मी म्हणायची, उठीव. तर म्हणायची, नगं गं, दमून आल्यात. लाजून वाचायचं सोडत्याल."

मी घोरत नाही, असं चाळीस वर्षं मी त्या बाईला सांगत आलो होतो. ती "बरं" म्हणायची.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मठात गेलो. महाराजांनी विचारलं, म्हैस परत का? म्हटलं, अर्थ चुकला. म्हैस घरी आणून बांधली, चहा मागितला आणि तिच्या शेवटच्या खुणेपासून पोथी धरली. थोरला अजून पलटणीतच होता. शिवाय सकाळची वेळ, डोळा लागायचं कारणच नाही.

जाग आली तेव्हा चहा गार झाला होता आणि बोट ओळीवरच होतं. उठलो, डब्यातली हळद बोटाला लावली आणि कडेला खूण केली. तिच्या खुणेपासून माझी चार ओळी पुढे पडली. ती असताना निदान दोन पानं तरी व्हायची.