शिशाचा एप्रन माझ्या अंगावर होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

सत्तर सालानंतरची गोष्ट. भोरच्या एका खाजगी दवाखान्यात मी एक्स-रेचं मशीन चालवायचो. भातलावणीत उभं राहून पायांच्या शिरा फुगलेल्या बायका वेल्ह्याकडून यायच्या. डॉक्टर चिरफाड न करता शिरेत सुईनं औषध सोडायचे आणि ते कुठवर चढतंय ते पडद्यावर बघायचे. तेवढा वेळ मशीन चालूच. पुरुषाचा पाय आम्ही पट्ट्यानं बांधायचो. बाईला बांधलेलं बरं दिसत नाही, आणि तिचा उघडा पाय आम्ही पुरुषांनी धरून ठेवायचा नाही — मग पाय कोण धरणार? आमची आया, विंझरची ताराबाई.

किरणं अडवणारे शिशाचे एप्रन दोनच. एक डॉक्टरांचा, दुसरा माझा. आणि मी उभा कुठं? शिशाच्या आडोशामागे! मला त्या एप्रनची गरजच नव्हती. तरी घालायचो. नवं लग्न झालं होतं, मुलं हवी होती. आता लाज वाटते? नाही, संताप येतो — डॉक्टरांचा, त्या रीतीचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

एकदा ताराबाईनं विचारलं, "भाऊ, ही बैलाची झूल कशापायी वो घालता?"

"औषधाचे डाग पडू नयेत म्हणून."

ती हसली. "आन् डाग धुतं कोन? मीच. मग झूल मलाच घाला की!"

मीही हसलो. पोटुशी होती ती — मला माहीत होतं. अशा बाईला मशीनपाशी उभं करायचं नाही, हे पुण्यात शिकताना बजावून सांगितलं होतं. मग एप्रन का काढला नाही? डॉक्टरांची भीती? तीही नव्हती. माझ्या न झालेल्या मुलांपुढे तिचं पोट मला स्वस्त वाटलं. एवढंच.

पाचव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं. किरणांमुळेच का? कुणी सांगू शकणार नाही — आणि त्याच्याच आड मी इतकी वर्षं लपलो.

ती कामावर परतली तेव्हा चेहरा सुकला होता. "सासू म्हन्ती, म्या भरला हंडा उचलला म्हून झालं. तुमी शिकल्यालं. खरं व्हय, भाऊ?"

मी म्हणालो, "होय ताराबाई. हंड्यानंच."