पाय सुटला पाहिजे

आमच्या पलूस भागात बर्फ दिसतो तो रसवंतीच्या गाड्यावर, पोत्यात गुंडाळलेला. अशा मुलखात लालासाहेबांच्या गोठ्याच्या आढ्याला स्कीचे दोन जोड टांगलेले आहेत. नवखा पाहुणा आला की आधी म्हशीकडे बघतो, मग वर बघतो आणि विचारतो, "औताचं काय नवीन निघालंय का हे?" लालासाहेब शांतपणे सांगतात, "न्हाई. पायात घालायचं हाय." मग पाहुणा चहा संपेपर्यंत त्यांच्या पायांकडेच बघत बसतो.

मी नानासो. त्यांच्या घराला लागून माझी पिठाची गिरण आहे. वयानं ते मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. गावात त्यांना कुणी सुभेदार म्हणत नाही, 'बर्फवाले' म्हणतात. त्यांना त्याचा राग येत नाही. खरं तर त्यांना फारसा कशाचाच राग येत नाही, आणि माझ्यासारख्या तापट माणसाला शेजारी म्हणून असा माणूस मिळावा हे माझं नशीबच.

बारावीनंतर दादा फौजेत गेले. आमच्याकडे एक भाऊ ऊस बघतो आणि एक भरती होतो, तसंच हे. पण त्यांची नेमणूक झाली काश्मिरात, जवानांना बर्फावर चालायला आणि घसरायला शिकवणाऱ्या तळावर. पहिल्या हिवाळ्यात ते इतके आपटले, की उस्तादांनी वैतागून त्यांना सामानाच्या शेडमध्ये बसवलं. तिथं मात्र गडी रमला. पुढं चांगली स्कीही शिकले, पण जीव शेडमध्येच.

शेडमधलं मुख्य काम म्हणजे बाइंडिंग. स्कीवर बूट धरून ठेवायला पुढं एक आणि मागं एक असा पोलादी जबडा असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. त्यात स्क्रू असतो आणि शेजारच्या खिडकीत आकडा दिसतो. स्क्रू आवळला की आकडा चढतो आणि पाय सहजासहजी सुटत नाही. ढिला केला की आकडा उतरतो, पाय लवकर सुटतो. माणसाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि त्याला स्की किती येते, हे सगळं बघून आकडा ठरवायचा. फार ढिलं असलं तर भलत्या वेळी पाय निघतो. फार घट्ट असलं तर पडताना लांब पट्टी एकीकडं वळते, माणूस दुसरीकडं, आणि मधल्या मधे गुडघा पिळून निघतो.

आता आमच्या लोकांचा स्वभाव बघा. आम्हाला घट्ट ते चांगलं. उसाची मोळी असो, वैरणीचा भारा असो, ट्रॉलीवरचा दोर असो, बांधून झाल्यावर आणखी एक पीळ देऊन त्यावर पाय रोवल्याशिवाय आमच्या जिवाला चैन पडत नाही. आपल्याकडचे जवान शेडमध्ये आले की दादांच्या कानाशी लागायचे, "गाववालं हाय नव्हं? जरा आवळून द्या की." दादा म्हणायचे, "भारा हाय व्हय रं तू, आवळायला?" आणि आकडा जिथला तिथंच ठेवायचे.

दादांची एकुलती एक लेक संयोगिता. बापाच्या गोष्टी ऐकत वाढली, कॉलेजात एनसीसीत गेली आणि तिथून थेट बर्फात. पोरगी हुशार, तोंडानं तिखट, आणि एकदा ठरवलं की कुणाचं ऐकत नाही. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा स्पर्धेत उतरली आणि निम्म्या उतारावर तिची एक स्की निघून गेली. हनुवटी खरचटून घरी आली. बुटाच्या तळाला बर्फ चिकटला होता, तो न काढताच तिनं पाय अडकवला होता, हे तिनं स्वतःच सांगितलं. दादांना ते पटलं. तिच्या आईला, लीलाबाई वहिनींना, पटलं नाही. त्यांच्या मनात एकच राहिलं, की स्की सुटली म्हणून लेक पडली.

यंदा तिची निवड झाली ती स्की शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला. मुलींना तिथं जागा थोड्या, आणि आमच्या भागातून कोणी गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी दादा तिला घेऊन गिरणीत आले.

"नाना, काट्यावर घे हिला."

धान्याच्या काट्यावर संयोगिता उभी राहिली. वहिनी मागोमाग धावत आल्या. "आवं भावजी, मोठ्यानं बोलू नगा वजन. पोरीला दिष्ट लागंल." मग मी तिचं वजन दादांच्या कानात सांगितलं, जणू काही सोन्याचा भावच सांगतोय. दादांनी हिशेब केला, ओसरीवर बसून पुढच्या-मागच्या जबड्यांचे आकडे लावले, घासून पुसून स्की भिंतीला टेकवल्या आणि उसाला पाणी द्यायला गेले. स्क्रू-ड्रायव्हर तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मलकापूरला जाऊन हायवेवरून पुण्याची गाडी धरायची होती. दादांची फौजी सवय अशी, की सामान बांधायच्या आधी सगळं परत एकदा बघायचं. मी निरोप द्यायला ओसरीवर होतो. त्यांनी पहिली स्की मांडीवर घेतली आणि खिडकीत बघितलं. दुसरीही बघितली.

"संयोगिता, हिकडं ये. साडेपाचला लावलं हुतं मी. हे आठ कुणी केलं?"

"मला काय माहीत, आप्पा?"

"गेल्या साली सुटली म्हणून आवळलीस. व्हय ना?"

"मी हातसुद्धा लावलेला नाही!"

"मग काय म्हशीनं फिरवलं?" दादांचा असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "गुडघा गेला तर जलमभर लंगडशील. ज्याला आपलाच गुडघा संभाळता येत न्हाई, त्यो दुसऱ्याला काय शिकीवनार? उतरव ती बॅग. मी न्हाई धाडायचा तुला."

संयोगिताचा चेहरा पांढरा पडला. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी पोरगी, पण आता तिनं बॅग खाली ठेवली. बापानं आपल्याला खोटं ठरवलं, हे तिला जास्त लागलं असावं. मला तर तिथं उभं राहावेना. दादांना मी ओळखतो, बोलले म्हणजे करणार. वर्षभर घाम गाळून मिळवलेली जागा त्या ओसरीवरच जाणार होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी आल्या. हाताला भाकरीचं पीठ तसंच.

"तिला कशाला बोलताय? मी आवळलं."

दादांनी मांडीवरची स्की खाली ठेवली.

"तुमी रानात गेला तवा. चारी स्क्रू. हाताला फिरलं तेवढं फिरवलं." वहिनी लेकीच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "गेल्या साली सुटलं आनि पोरगी तोंडावर पडली. म्हटलं, बापाला काय, फौजेतला गडी, त्येला पडल्याचं काय वाटत न्हाई. मला वाटतंय."

मला वाटलं, आता भडका उडणार. पण दादा उठले, हौदापाशी रचलेलं उसाचं वाळकं पाचट कवेत भरून आणून त्यांनी अंगणात पसरलं आणि वर पोतं टाकलं. त्यावर एक स्की ठेवली.

"हात धू आनि ये. बूट घाल हिचा."

"येडं झालाय काय तुमी? भावजी हायत हितं."

"नानासो आपलाच हाय. घाल."

मायलेकींचे पाय एका मापाचे. वहिनींनी लुगडं खोचलं आणि संयोगितानं खाली बसून आईच्या पायात तो जड बूट चढवला. मी म्हशीकडे बघत असल्याचं सोंग केलं, पण बघत होतो तिकडंच. जबडा खटकन बसला. दादांनी वहिनींना दंडाला धरून सरळ उभं केलं.

"आता पाय हळूच आत पिळ. पडताना कसा पिळतो, तसा. हळू. दुखलं की थांब."

वहिनींनी पाय पिळला. जबडा ढिम्म हलला नाही. आणखी जरा पिळला, आणि त्या "आगं आई गं!" म्हणून दादांच्या खांद्याला लटकल्या.

"कुठं कळ आली?"

"गुडघ्यात."

"आनि ही कळ तर नुसती उभ्यानं. ही पोरगी वाऱ्यासारखी उतरत आसती."

मग त्यांनी चारी आकडे परत साडेपाचवर आणले. "पिळ आता." वहिनी घाबरत घाबरत पाय वळवू लागल्या. गुडघ्यात कळ यायच्या आधीच जबडा उघडला, बूट मोकळा झाला आणि वहिनी पाचटावर बसल्या. तिथंच बसून राहिल्या. पदर डोळ्याला लावला.

"मला वाटलं, सुटलं म्हंजे पडली."

"पडनार तर हायच ती. कितीबी आवळलं तरी पडनार. पडल्यावर तिला उठता आलं पायजे, एवढंच आपल्या हातात. तेबी सगळं न्हाई. तिथल्या मशीनवर आकडं परत तपासून घेतल्याबिगर पाय ठेवायचा न्हाई, ऐकलंस का?" हे शेवटचं लेकीला होतं. मग ते तिला म्हणाले, "माझं चुकलं, बाळ. तुला इचारायच्या आधीच ठरवून बसलो मी."

 संयोगिता वाकून पाया पडली आणि आपणच स्कीच्या लांब पिशवीची चेन ओढली. गाडी चुकली नाही. मलकापूरला सोडायला मीच गेलो होतो, दादा-वहिनी दोघंही बरोबर.  परत येताना गाडीत वहिनी मधूनमधून गुडघा चोळत होत्या.

त्यानंतर बरेच दिवस तिचा फोन धड लागायचा नाही. एका संध्याकाळी गिरण बंद करत होतो, वहिनी दळण न्यायला आल्या होत्या आणि दादा उंबऱ्यावर बसले होते. वहिनींचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"आई, आज मोठ्या उतारावरून पडले गं. लय जोरात. पार खालपर्यंत लोळत गेले."

दादा उठून उभे राहिले.  वहिनींनी मात्र फोन दोन्ही हातांनी धरला.

"सुटलं का?"

"दोन्ही सुटल्या. जरा खरचटलंय, बाकी काही नाही."

वहिनी पिठाच्या पोत्यावर टेकल्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं.

"मग बसलीयास काय? जा की परत वर."