डेकवर वाळणारी साडी

ओल्या साडीत वारा भरला आणि अक्का कठड्याकडे ओढल्या गेल्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. साडीचं एक टोक त्यांनी मनगटाला गुंडाळलं होतं, दुसरं माझ्या हातात होतं. जहाजाच्या खोलीत दोरी नव्हती, म्हणून घरी वाळवतो तशी दोघी दोन टोकं धरून डेकवर उभ्या होतो. वारा सुटेपर्यंत उन्हानं तापलेल्या डेकचे पायाला चटके बसत होते. मग एका बाजूनं आभाळ काळं झालं आणि वारा-पाऊस एकदमच आले.

"अक्का, सोडा ती साडी."

"तूच नीट धर. तुझ्या हातात कधी काही टिकलंय?"

मी सोडली असती तर त्या साडीमागं गेल्या असत्या. मी ओल्या फळ्यांवर बसकण मारली आणि धरून राहिले.

थोड्या वेळानं वारा पडला. पुन्हा तेच ऊन. आम्हाला घेऊन आलेला माझा मुलगा म्हणाला, "इकडं दुपारी असंच होतं, आई. रोजचंच आहे."

गावाकडं पावसाआधी अंग चिकचिकतं, मुंग्या अंडी हलवतात, वाळवण उचलायला वेळ मिळतो. समुद्रावर कुणी सांगायला येत नाही. तसं घरी तरी कुठं कोण आलं? दोघींचे नवरे असेच, एकेक करून, जेवून उठले आणि जागीच वारले. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं आणि आम्ही धुणं वाळत घातलं. आता दचकायचाही कंटाळा येतो.

अक्कांनी साडी पिळली आणि एक टोक माझ्यापुढं केलं. मी धरलं.

आम्ही दोघी वाचलो होतो.