बाबांच्या इटालियन शेवया

सून टोमॅटोत लसूण परतू लागली की मला आजही एका जागी बसवत नाही. त्या वासाने मी साठच्या दशकातल्या बंगळूरच्या घरात जाते.

कारखान्याने बाबांना प्रशिक्षणासाठी वर्षभर इटलीला पाठवलं होतं. परतल्यावर पहिल्याच रविवारी ते स्वयंपाकघरात शिरले. अंड्यात मैदा भिजवून त्यांनी पोळ्या लाटल्या, लांब पट्ट्या कापल्या आणि धोतराच्या दांडीवर वाळत टाकल्या. मी दहा वर्षांची, टाळ्या पिटत होते. आई मात्र सारखी आतबाहेर करत होती.

“कुणी शिकवलं हे?”

“राहायचो तिथल्या घरमालकीणबाईंनी. दर रविवारी आम्ही दोघं मिळून करायचो,” बाबा सहज बोलून गेले.

आईने पान वाढून घेतलं, पण एकही घास खाल्ला नाही. मला वाटलं, तिला अंड्याचा वास सोसत नाही. तिचा जीव कशाने खालीवर होत होता, हे माझं लग्न झाल्यावर कळलं.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, “सरका. मी मळते, तुम्ही नुसतं सांगा.”

मग रविवारी, वाढदिवसाला, दिवाळीतसुद्धा तिने त्या शेवया केल्या. त्या बाईंबद्दल मात्र तिने बाबांना कधीच काही विचारलं नाही.