जुना कॅमशाफ्ट
तापलेल्या इंजिन ऑइलचा वास आला की मला सिल्व्हर पार्क वसाहतीतली ती दुपार आठवते. मोटरसायकल आणखी पळावी म्हणून मी भाईंदर पश्चिमेच्या एका गॅरेजमध्ये जुना रेसिंग कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बसवून घेतला होता. "इससे व्हॉल्व्ह ज्यादा देर खुला रहता है. तेज स्पीड में भागेगी, पर सिग्नल पे अटकेगी. सिटी में चलाना है तो कंपनीवाला ही रखो," असं मेकॅनिकने बजावलं होतं, पण मी ऐकलं नाही. त्या दुपारी एका सोसायटीच्या गेटशी फोन घ्यायला थांबलो. इंजिन धडधडत होतं आणि मध्येच श्वास चुकल्यासारखं अडखळत होतं. तेवढ्यात एक बाई जिना उतरून धावत आल्या आणि माझ्या हेल्मेटवरून हात फिरवत म्हणाल्या, "आलास? चल, पान वाढते." मी हेल्मेटची काच वर केली, तसा त्यांचा हात थिजला. मागून आलेले त्यांचे यजमान हळूच म्हणाले, "आमच्या मुलाच्या गाडीचा अस्साच आवाज होता. त्यानेही रेसिंगचा कॅम बसवला होता. तो गेल्यावर गाडी भंगारात दिली आम्ही. हा पार्ट कुठून घेतलात?" दुसऱ्याच दिवशी मी कंपनीचा कॅम परत बसवून घेतला. काही दिवसांनी तिथून गेलो, तेव्हा गाडी अगदी मऊ चालत होती. त्या बाई गेटमध्येच उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघून त्या हसल्या आणि गेट सताड उघडून बाजूला झाल्या. ती गाडी विकून आता बरीच वर्षं झाली, पण त्या क्षणी मागून मला जे अडखळतं धडधडणं ऐकू आलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.