गॅलरीत निजलेली माणसं

आमच्या घरात यांचा एकही फोटो नव्हता. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून निघालेल्या मोर्चात गोळी लागून हे गेले, तेव्हा भिंतीवर लावायलाही काही सापडलं नाही. सासूबाई ट्रंक पुन्हा पुन्हा उपसत राहिल्या.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्या लालबागच्या चाळीत फिल्मवाले आले होते. या शहरात माणसांचे कसे हाल होतात ते त्यांना दाखवायचं होतं. आम्हा बायकांना वाटलं, पाहुणे येणार. गॅलरी धुतली, फाटक्या गोधड्या आत कोंबल्या, उंबऱ्यापुढे रांगोळ्या काढल्या. त्यांच्यातल्या साहेबाचा चेहराच पडला. हे नको, रोजच्यासारखं राहा, म्हणाला. मग त्याला रातपाळी करून आलेले पुरुष दिसले, गॅलरीत ओळीने निजलेले. यंत्र तिकडे वळलं तशा सासूबाई पुढे झाल्या आणि यांच्या तोंडावर चादर ओढली. निजलेल्या माणसाकडे असं टक लावून बघू नये, दृष्ट लागते, म्हणाल्या. साहेब म्हणाला, राहू दे, असंच चांगलं दिसतंय.

हे गेल्यावर काही महिन्यांनी शेजारच्या भाऊजींनी सांगितलं, परळच्या थिएटरात मोठ्या सिनेमाच्या आधी आपली चाळ दाखवतात. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, लांबचं दिसायचं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माका घेऊन चल." नळावर एकीने टोमणा मारलाच, वर्ष सरलं नाही आणि सासू-सुना सिनेमाला निघाल्या. मी मान खाली घालून हंडा उचलला. एरवी वाण्याकडे एकटीने जायचीही मला भीड वाटायची.

दुपारचा खेळ होता. आम्ही अगदी पुढे बसलो. चाळ आली, नळावरची रांग आली, मग ती गॅलरी. वरून कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं. यांचे पाय मी ओळखले. मिलमध्ये गाडा अंगठ्यावरून गेल्यापासून त्याचं नख काळं पडलं होतं. वर चादर, पार कपाळापर्यंत. लगेच दुसरंच काही दिसू लागलं.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "दिसलो काय गो तो? मियाच झाकलंय त्येका."

"चादर सरकली होती," मी म्हटलं. "दिसले."

"कसो होतो तो? सांग."

लग्न झाल्यापासून सासूबाईंसमोर मी यांच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. यांच्याविषयी चार शब्द बोलणं तर लांबच. मोठा सिनेमा सुरू झाला होता, मागची माणसं श्श, श्श करत होती. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगू लागले. केस कपाळावर आलेले, मिशीवर घाम, ओठ जरासे उघडे. त्या "हां, हां" म्हणत राहिल्या, आणि मी थांबले की मनगट दाबत.