सूतगिरणीच्या दारात मुराळी

पंचमीला सासरहून लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. मुराळ्यानं सासूसमोर विचारायचं, "कशी हायेस?" लेक म्हणणार, "सुखात." ते ऐकायचं आणि सोडून द्यायचं. खरं काय ते गावाची शीव ओलांडल्यावर कळतं. मी लग्नानंतर दर पंचमीला सासूसमोर "सुखात" म्हणायचे आणि शीव मागे पडली की पार वाटूर फाट्यापर्यंत वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकून रडत यायचे. वडील नुसते पाठीवरून हात फिरवायचे.

वडील गेले. भाऊ नाही. गावात आई आणि माझ्याहून बरीच लहान बहीण एवढंच उरलं. बारावी होऊन ती घरी बसलेली, आणि शेजारच्या गावची एक बाई तोंडात साखर घेऊन आली. म्हणाली, तमिळनाडूत सूतगिरणी आहे, राहणं-खाणं फुकट, तीन वर्षं काढली की लग्नापुरती रक्कम एकदम हातात. आईला वाटलं पोरीचं भलं होईल. मी जालन्यात नोकरीला, मलाही काही वावगं वाटलं नाही. गावातल्या आणखी दोघी तिच्यासोबत गेल्या.

फोन फक्त रविवारी यायचा, तोही वॉर्डनबाईच्या मोबाइलवरून. जेवण बरं आहे, मैत्रिणी बऱ्या आहेत, शाळेत पाठांतर म्हणून दाखवावं तसं. मग एकदा भलत्याच नंबरवरून फोन आला. ती कुजबुजत होती.

"ताई, मला इथून काढ. आधार कार्ड ह्यांनी ठेवून घेतलंय. गेटाबाहेर सोडत न्हाईत. अंगात ताप असला तरी उठवून मशीनवर नेऊन राह्यले. जाते म्हणलं तर म्हणतात तीन वर्षं भर, न्हाईतर कायबी मिळायचं न्हाई. आईला नको सांगू."

फोन कट झाला. त्या नंबरावर परत लागलाच नाही.

पोलिसांत गेले तर म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, मर्जीनं गेलीय. मग मी इंटरनेट धुंडाळलं. गिरणीच्या जाहिरातीतच लिहिलेलं होतं की आमचं सूत अमुक परदेशी कंपनीच्या शर्टांना जातं. त्या कंपनीनं आपल्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की आमच्या कपड्यामागे कुणाकडूनही जबरदस्तीनं काम करून घेतलं जात नाही. खाली तक्रारीचा पत्ता होता. मी ऑफिसातल्या एका मुलाकडून इंग्रजी तपासून घेतलं आणि सगळं लिहून पाठवलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

तपासणी झाली, खरंच झाली. उत्तर आलं: आमचे लोक गिरणीत गेले होते, मुलींशी बोलले, तुमच्या बहिणीनं आपण समाधानी असल्याचं स्वतः सांगितलं. कुठं बोलले? गिरणीच्या कँटीनमध्ये. सुपरवायझर शेजारी उभा. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. अरे, सासूला मांडीशी बसवून सुनेला विचारता आणि तिचं उत्तर खरं धरून घरी जाता? इतकी साधी गोष्ट माझ्या अडाणी आजीला कळत होती. आमच्या पोरी लहानपणापासून तेवढंच तर शिकून मोठ्या होतात. ज्याच्या दारात उभं आहोत त्याच्यासमोर रडायचं नाही.

पंचमी जवळ आली तशी मी रजा टाकली. आईला एवढंच सांगितलं की पोरीला सणाला घेऊन येते. शेजारीण हसली, "बाईमाणूस कधी मुराळी झालंय का?" आईनं धपाट्यांची शिदोरी बांधून दिली. सिकंदराबादला गाडी बदलून, विचारत विचारत मी गिरणीच्या दारात पोचले.

गेटावर दुपार गेली. शेवटी एका खोलीत बसवलं आणि सुपरवायझर अन् मराठी समजणारी वॉर्डनबाई तिला घेऊन आले. केसांत कापूस अडकलेला, डोळे खोल गेलेले. मी धपाटे पुढे केले. तिनं उभ्याउभ्याच खायला सुरुवात केली, चटणीसुद्धा लावली नाही. घरी एका धपाट्यासाठी शंभर नखरे करणारी पोरगी ती.

मी हिंदीत सुपरवायझरला म्हटलं, सण आहे, आठ दिवस घेऊन जाते. तो म्हणाला, आम्ही कुणाला बांधून ठेवलंय का, तिलाच विचारा. ती खाली बघत म्हणाली, "मी सुखात हाय ताई. तू जा."

"गेटाबाहेर तेवढं सोडायला येऊ द्या," मी म्हटलं. "रस्त्यापर्यंत. पाच मिनिटं." हात जोडले, पायांनासुद्धा वाकले असते. त्यानं वॉर्डनबाईला खूण केली आणि तिला आत नेलं. जाताना तिनं उरलेले धपाटे ओढणीच्या टोकात बांधून घेतले.

परतीचा प्रवास मला आठवत नाही. घरी पोचले तेव्हा आई दारातच बसलेली, लेकीसाठी वाटलेली मेंदी तिच्या हाताला लागलेली होती. माझ्या मागं कुणी नाही हे तिनं बघितलं.

"काय म्हणली?"

"सुखात हाय म्हणली."

"कुणाम्होरं?"

"सायबाम्होरं."

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी आधार कार्डाचं, तापाचं, सगळं सांगितलं. तिनं एका शब्दानं मला दोष दिला नाही, दिला असता तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "मंग शीव वलांडून का न्हाई इचारलंस?"

"तिथं शीवच न्हाई, आई. राहायची खोली गिरणीत, गिरणीभवती भिंत, अन् भिंतीला एकच गेट. ते कुणी उघडंना."

आई उठली. मेंदीचे हात धुतले आणि परातीत पीठ घेतलं. म्हणाली, "उद्याच्या गाडीचं बघ. ह्या खेपेला मी येते. गेट उघडंस्तोवर मी तिथंच बसते."